दुसऱ्याच्या तोंडून

ऐन भट्टीच्या दिवसांत आभाळ भरून आलं आणि तसंच राहिलं. पाऊस नाही, ऊनही नाही. थापलेल्या विटा मोकळ्या जमिनीवर ओळीनं मांडलेल्या होत्या, पण वाळायचं नाव घेत नव्हत्या. बोट लावलं की ठसा उमटायचा.

म्हातारी रोज उठल्यावर आधी आभाळ बघायची, मग सून बघायची. दोन्हींचा तिला भरवसा वाटत नव्हता.

भट्टी घरचीच होती. नवरा गेल्यावर म्हातारीनं ती मुलाच्या जोडीनं चालवली. मुलगा कामाला वाघ, पण तोंडाला कुलूप. अख्खं गाव त्याला घुम्या म्हणायचं आणि तो त्या नावाला ओ द्यायचा. त्याचं लग्न जमता जमता चाळिशी आली. शेवटी जमलं ते एका शिंप्याच्या विधवेशी. तीही पस्तिशी ओलांडलेली. आधीच्या घरची एक मुलगी होती, कळती, आजीकडे राहून शिकणारी. बाई येताना शिलाई मशीन घेऊन आली म्हणून गावानं तिला शिंपीण म्हणायला सुरुवात केली. सासूही तेच म्हणायची, फक्त तिच्या तोंडून ते जरा आंबट लागायचं.

लग्न झालं आणि पुढच्याच महिन्यात शिंपिणीला दिवस गेले. म्हातारी तेव्हा खूश झाली होती. आता सातवा लागला होता आणि पोट बघून तिची खुशी उतरत चालली होती. पोट महिन्यांच्या मानानं फारच मोठं होतं.

"विटा उलट गं त्या कडेच्या," ती ओरडली. "एका अंगावर ठेवल्या तर वाकतील."

शिंपीण उकिडवी बसत बसत एकेक वीट उलटत होती. तिला आता नीट बसता येत नव्हतं. एक गुडघा टेकायचा, दुसरा उभा धरायचा, हात जमिनीला लावून पुढं सरकायचं. पावलं सुजून चपलेच्या पट्ट्याबाहेर आली होती, म्हणून अनवाणीच होती. बोटंही सुजली होती. दोन दिवसांपूर्वी शिवायला बसली तर अंगुस्तान बोटात जाईना. तिनं ते साबण लावून घालून बघितलं, मग ठेवून दिलं.

"चेहरा बघ कसा तुकतुकीत झालाय," दूधवाली म्हणाली. ती रोज भट्टीच्या वाटेनं डेअरीवर दूध घालायला जायची आणि जाताना दोन शब्द टाकून जायची. "कितवा म्हणालीस?"

"सातवा."

"सातवा?" दूधवालीनं किटली खाली ठेवली. "मी चार पोरं काढलीत बाई. मला तर हा नववा दिसतो."

  म्हातारीकडे बघून दूधवालीनं नुसती भुवई वर केली, किटली उचलली आणि चालू लागली. पण म्हातारीच्या मनातलं तिनं बरोबर हेरलं होतं. कुठंतरी पाणी मुरतंय, हे म्हातारी गेले कित्येक दिवस मनाशी घोळवत होती. नवरा मेल्यावर बाई एवढी वर्षं माहेरी राहिली. मग एकदम वयानं थोराड, घुम्यासारखा नवरा पसंत करायची एवढी घाई का झाली?

संध्याकाळी म्हातारी डेअरीवर गेली. दूध घ्यायला म्हणून गेली आणि दूधवालीशी बराच वेळ बोलत उभी राहिली. मागं रांगेतल्या दोघीचौघी ऐकत होत्या. म्हातारीला ते कळत होतं. तरी ती बोलली.

*

शिंपिणीचं डोकं दुखायला लागलं ते कपाळापासून. म्हातारीनं काढा करून दिला. कडू, काळा, तळाशी गाळ.

"सगळा पी. सूज उतरेल."

शिंपिणीनं पहिल्या दिवशी घेतला. त्या दिवशी डोकं जास्तच ठणकलं. दुसऱ्या दिवशी तिनं वाटी हातात धरली आणि सासूच्या तोंडाकडे बघितलं. सासू तिच्याकडे बघतच होती. ती का बघतेय, हे शिंपिणीला कळेना. डेअरीवरून आलेल्या एकीनं तिला कालच विचारलं होतं, "काय गं, दिवस भरत आले ना?" तेव्हापासून या घरातलं कुणाचंही बघणं तिला साधं वाटत नव्हतं. असलं पोट नकोसं झालेली सासू वाटीत काय घालेल, कुणी सांगावं?

सासूची पाठ वळल्यावर तिनं काढा मोरीत ओतला. म्हातारीला मोरीत काळा ओघळ दिसला. तिनं त्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि मनात म्हणाली, सूज उतरायला नको हिला. सूज उतरली तर पोट उघडं पडेल.

नर्सबाई आली ती त्याच आठवड्यात. मोपेडवरून उतरतानाच घाईत होती. शिंपिणीला तिनं ओट्यावर बसवलं, दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला. मग पुन्हा फुगवला. तिचं तोंड उतरलं.

"मागच्या खेपेला बरा होता तुझा बीपी. आता किती वाढलाय! डोकं दुखतं?"

"दुखतं."

"डोळ्यांपुढं काजवे, अंधारी?"

"कधीकधी."

"तुझ्या आईला, बहिणीला बाळंतपणात असा त्रास झालेला? फिट आलेली?"

"नाही. आईला पाच झालो आम्ही. कुणाच्याच वेळी काही नाही. माझी पहिली पण शिवत बसले होते आणि पोटात दुखायला लागलं, तेवढ्यात झाली."

म्हातारी दारात उभी राहून ऐकत होती. तिकडे सगळं सुखरूप झालं आणि इथं आल्यावर आजार आला? बरं आजार खरा, तर तिकडच्यांनी लपवला असणार. दोन्हींतलं काहीतरी एक. बाई खरं बोलत नाही एवढं नक्की.

"दोन महिने सांगतेय, तालुक्याला जाऊन सोनोग्राफी करून या," नर्सबाई म्हातारीकडे वळली. "का नाही गेलात?"

"विटा कोण थापणार? तुम्ही?"

"हिला तुम्ही विटांवर घेता?" नर्सबाईनं ओट्यावरून आत नजर टाकली. चुलीकडे, मडक्यांकडे, कोपऱ्यातल्या शिलाई मशीनकडे. "जेवायला नीट घालता ना?"

म्हातारीच्या अंगाचा तिळपापड झाला. "माझ्या घरात उपाशी कुणी झोपत नाही. तुमच्या घरचं तुम्ही बघा."

"उद्याच्या उद्या दवाखान्यात न्या. ही साधी सूज नाही. वय झालंय हिचं, मधे एवढ्या वर्षांचा खंड पडलाय, नवरा नवीन, पोट एवढं मोठं. मला हे सगळं मिळून बरं दिसत नाही."

नवरा नवीन, पोट एवढं मोठं. म्हातारीनं त्यातले तेवढेच शब्द उचलले. नर्सबाई आजाराचं बोलत होती. म्हातारीनं ऐकलं ते वेगळंच.

घुम्या माती तुडवून आला होता, मांड्यांपर्यंत चिखलात. म्हातारीनं त्याला पाय धुवायला पाणी दिलं आणि ते ओतता ओतताच म्हणाली, "नर्सलाही संशय आलाय. मी एकटीच वेडी नाही."

"कसला?"

"तू बोटं मोज ना जरा."

घुम्यानं बोटं मोजली नाहीत. तो पाय घासत राहिला. चिखल निघून गेला तरी घासत राहिला. मग आत गेला. शिंपीण भिंतीला टेकून बसली होती, डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून.

"एक विचारू?" तो म्हणाला. त्यानं आपणहून विचारलेला लग्नानंतरचा हा बहुधा पहिलाच प्रश्न. "खरं सांगशील?"

तिनं फडकं काढलं.

"कितवा महिना आहे?"

शिंपीण त्याच्याकडे बघत राहिली. डोळ्यांच्या पापण्या सुजल्यानं तिला नीट बघता येत नव्हतं. "तुम्हाला माहीत नाही?"

तो नखातली माती काढू लागला.

"उद्या दवाखान्यात जायचं म्हणाली नर्स," ती म्हणाली. "आता जात नाही. गेले, तर म्हणाल पळाली. सोनोग्राफीचं मशीन काही म्हणालं, तर म्हणाल मशीनही फितवलं. तुमची भट्टी रचून होऊ दे. मग सगळ्यांनी मिळून या माझ्याबरोबर. चारचौघांत मोजा."

*

एक दिवस ऊन पडलं. विटा कशाबशा रचण्याजोग्या झाल्या आणि घुम्यानं भट्टी लावायला काढली. गावातले चार मजूर बोलावले. म्हातारीची थोरली बहीण शेजारच्या गावाहून आली. दर वर्षी भट्टी रचताना ती यायची आणि मजुरांचा स्वयंपाक करायची. सगळे तिला आक्का म्हणायचे.

आक्कानं आल्या आल्या शिंपिणीला बघितलं आणि डोक्यावरचं गाठोडं तसंच धरून उभी राहिली.

"हिचं तोंड कधीपासून असं आहे?"

"सोंगं आहेत," म्हातारी म्हणाली. "काढा देते तर ओतून टाकते."

"अगं, डोकं दुखतं का तुझं?" आक्कानं शिंपिणीला विचारलं. "आणि इथं, बरगडीखाली, उजव्या अंगाला?"

"सकाळपासून. तुम्हाला कसं कळलं?"

 आक्कानं गाठोडं खाली ठेवलं, चुलीपाशी गेली, लाकडं मोडायला लागली. म्हातारीला ते खटकलं. आक्का गप्प बसणारी बाई नव्हती. विचारायचं आणि उत्तर ऐकून तोंड फिरवायचं, हे काय? सगळ्यांना काहीतरी माहीत आहे आणि मला एकटीला कुणी सांगत नाही, असं तिला वाटलं.

थोड्या वेळानं आक्का हात पुसत घुम्यापाशी गेली. "तू हिला दवाखान्यात ने. आत्ता ने."

"एवढी रचून होऊ दे मावशी. आभाळ बघ."

आभाळ पुन्हा काळं होत होतं. मजूर धावत होते. विटांचा थर, त्यावर कोळशाची भुकटी आणि भुसा, पुन्हा विटा. घुम्या वर उभा राहून एकेक वीट झेलत होता आणि बोटभर फट ठेवत लावत होता. शिंपिणीला कुणी हाक मारली नव्हती. तरी ती उठली. डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर फळी, फळीवर विटा. सहा रचायच्या तिथं तिनं चार रचल्या.

"ठेव ते," आक्का चुलीपासून ओरडली.

"चारच आहेत."

म्हातारी बघत होती. ती मनात म्हणाली, बघा, आता कशी चालते. घरात बसून कण्हत होती.

शिंपीण भट्टीपर्यंत गेली. विटा वर द्यायला तिनं मान उचलली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, तुम्ही दोन दिसताय."

घुम्याला ऐकू आलं नाही. तो फळीला हात घालायला वाकला तोवर फळी कलंडली. कच्च्या विटा त्याच्यासमोरून खाली पडल्या आणि फुटल्या. शिंपीण त्यांच्यावर पडली. आधी तिची मान एका बाजूला ओढली गेली, मग हात ताठ झाले, मग सगळं अंग हादरायला लागलं. टाचा मातीवर आपटत होत्या. तोंडातून फेस आला, फेसात रक्त.

मजूर मागं सरकले. कुणी म्हणालं, बाहेरचं आहे काहीतरी. एकजण चमचा घेऊन आला, दातांत घालायला.

"तोंडात काही घालू नका!" आक्का धावली, वयाच्या मानानं फार वेगानं. "कुशीवर घ्या तिला. डाव्या कुशीवर. विटा काढा खालच्या." आणि मग बहिणीकडे बघून, ओरडून नाही, सहज म्हणावं तसं म्हणाली, "तुझ्यासारखंच. अगदी तुझ्यासारखंच."

कोळसा टाकायला आलेला विटांचा ट्रक भट्टीवर उभाच होता.

*

ट्रकच्या मागच्या भागात रिकामी पोती घातली आणि शिंपिणीला त्यावर निजवलं. झटका थांबला होता. ती घोरत होती. तिचं डोकं म्हातारीच्या मांडीवर होतं, कारण दुसऱ्या कुणाची मांडी रिकामी नव्हती. आक्कानं पाय धरले होते. घुम्या फळीला धरून उभा होता आणि ड्रायव्हरच्या टपावर हात आपटत होता.

"काय माझ्यासारखं?" म्हातारी म्हणाली.

आक्कानं ऐकलं नाही असं दाखवलं.

"आक्का. काय माझ्यासारखं?"

"याच्या वेळी," आक्कानं घुम्याकडे हनुवटी केली. "तुला काय आठवतं?"

"ताप आला होता. मेंदूवर चढला. तूच सांगितलंस."

"ताप नव्हता. झटके आले होते. एकामागून एक. आधी अशीच सुजलीस, असंच डोकं धरून बसायचीस. शुद्धीवर आलीस तेव्हा पोर झालंय हेही तुला माहीत नव्हतं. कुणाचं पोर म्हणून विचारलंस."

ट्रक खड्ड्यातून गेला. म्हातारीनं सुनेचं डोकं दोन्ही हातांनी उचलून धरलं.

"मग सांगितलं का नाही?"

"तुझ्या नवऱ्यानं शपथ घातली. बाईला झटके येतात म्हटल्यावर तुझ्या सासरच्यांनी ठेवलं असतं तुला? परत काही झालं नाही. दुसरं मूलही झालं नाही. मग कशाला काढायचं ते? तुझी जीभ दातांत सापडली होती. तुला सांगितलं, पडलीस."

म्हातारीची जीभ आपोआप दातांच्या कडेला गेली. जिभेला तिथं एक खाच होती. इतकी वर्षं जेवताना ती लागत आली होती.

घुम्या टपावर हात आपटायचा थांबला होता.

दवाखान्यात शिंपिणीला आत नेलं. सुई टोचली, नळ्या लावल्या. डॉक्टरीणबाई तरुण होती, डोळे तांबारलेले. तिनं येऊन सांगितलं, पोट उघडावं लागेल, मूल बाहेर आल्याशिवाय हा आजार जात नाही, सही करा. घुम्यानं सही केली.

ते तिघं बाकावर बसले. भिंत खालून अर्धी हिरवी होती. म्हातारीच्या कपड्यांवर सुनेच्या तोंडचं रक्त आणि भट्टीची माती दोन्ही वाळत होतं. तिनं आक्काचं ऐकलं होतं, जिभेची खाच चाचपली होती, पण मनातली जुनी अढी काही उठून जात नव्हती. आजार माझा असेल. पण पोट? डॉक्टरीणबाई परत बाहेर आली तेव्हा म्हातारीच्या तोंडून तेच निघालं.

"मूल पुऱ्या दिवसांचं आहे का?"

"मूल नाही, मुली. दोन आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाली. "आणि पुऱ्या दिवसांच्या कुठल्या? आठवाही भरला नाही. एवढ्या एवढ्याशा आहेत. सोनोग्राफी केलीच नव्हती का?"

घुम्या उभा राहिला आणि परत बसला. म्हातारी जमिनीकडे बघत राहिली.

"आई कशी आहे?" आक्कानं विचारलं.

"अजून सांगता येत नाही. पुढचे दोन दिवस झटका परत येऊ शकतो. हिच्या माहेरी कुणाला असं झालेलं?"

"नाही," घुम्या म्हणाला.

"आणि तुमच्या आईला? तुमच्या वेळी?"

आक्कानं म्हातारीकडे बघितलं. म्हातारीला वाटलं, आता गप्प बसलं तर संपलं. इथं कुणी ओळखत नाही. मग तिला सुनेच्या डोक्याचं वजन मांडीवर परत जाणवलं.

"झालं होतं," ती म्हणाली. "मला आज कळलं."

"मुलाच्या बापाकडूनही येऊ शकतं ते," डॉक्टरीणबाई म्हणाली. "त्यात जुळं, हिचं वय, मधला खंड, नवीन नवरा. एकेक असतं तर कदाचित निभावलंही असतं. आधी कळलं असतं तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासूनच एक लहानशी गोळी चालू केली असती, दर आठवड्याला बघितलं असतं. टळलंच असतं असं नाही म्हणत मी. पण कुणीतरी सांगायला हवं होतं."

"सांगायची सोय कुठं होती," आक्का पुटपुटली आणि रडायला लागली.

जुळ्या मुलींतली धाकटी दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. घुम्या तिला एका फडक्यात गुंडाळून घेऊन बाहेर आला तेव्हा पाऊस कोसळत होता. तो वळचणीला उभा राहिला. हातातलं गाठोडं इतकं हलकं होतं की तो पुन्हा पुन्हा खाली बघत होता.

त्याच पावसात भट्टी गेली. ताडपत्री घालायला कुणी नव्हतं. अर्धी रचलेली भट्टी खचली, जमिनीवरच्या विटा कडांपासून विरघळत गेल्या. घुम्या घरी आला तेव्हा ओळींच्या जागी चिखलाचे नुसते उंचवटे होते. त्यानं फावडं उचललं, एक उंचवटा सपाट केला आणि परत ठेवून दिलं.

शिंपीण तिसऱ्या दिवशी नीट बोलायला लागली. म्हातारी पायथ्याशी उभी होती.

"विटा भिजल्या का?" शिंपिणीनं विचारलं. तिला भट्टीपर्यंत चालत गेल्याचं आठवत होतं, पुढचं काही नाही.

घुम्यानं तिला सगळं सांगितलं. फिट, ट्रक, दोन मुली, त्यातली एक. त्याला एवढं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे सगळं उलटसुलट सांगितलं. मेलेली आधी सांगितली, जिवंत नंतर. शेवटी म्हणाला, "चुकलं माझं. विचारायला नको होतं."

शिंपिणीनं भिंतीकडे तोंड केलं. दवाखान्यातून सोडलं तेव्हा तिची आई आली होती. शिंपीण उरलेल्या मुलीला घेऊन आईबरोबर माहेरच्या एसटीत बसली. शिलाई मशीन मागं राहिलं.

*

घुम्या दर बाजारच्या दिवशी माहेरी जाऊन यायचा. मुलीला बघायचा, ओसरीवर बसायचा, परत यायचा. कधी येणार, असं त्यानं विचारलं नाही. विचारण्याबद्दल त्याला आता धसका बसला होता.

शेवटी म्हातारीच गेली. एकटी. शिंपीण मुलीला पायांवर घेऊन बसली होती. तिची सूज उतरली होती आणि चेहरा ओळखू येऊ नये इतका बारीक झाला होता. आई स्वयंपाकघरात होती, मोठी मुलगी दारात पुस्तक धरून उभी होती.

"मी सांगायला आले," म्हातारी उभ्यानंच म्हणाली. "संशय मी घेतला. मुलाच्या डोक्यात मी भरवलं. आजार माझ्याकडचा निघाला आणि महिने तुझे बरोबर निघाले. एक पोर त्यात गेली."

शिंपीण मुलीला थोपटत राहिली. 

"हे मला कशाला सांगता आत्या? मला माहीतच होतं."

"मग काय करू?"

"तुम्ही जिथं बोललात तिथं सांगा. डेअरीवर. इथल्या विहिरीवर बायका मला विचारतात, ती गेलेली कुणासारखी दिसायची म्हणून. तुमच्या गावचं इथं येऊन पोचलंय. तेही असंच पोचू दे. दुसऱ्याच्या तोंडून माझ्या कानावर आलं, की येईन."

म्हातारी त्याच पावली फिरली. चहाचा कप तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी ती डेअरीवर गेली. दूधवाली रांगेत होती, मागं नेहमीच्या बायका. म्हातारीनं सगळं सांगितलं. सूज, जुळं, घुम्याच्या वेळचे झटके, जिभेची खाच. जीभ बाहेर काढून दाखवलीसुद्धा. दूधवालीनं वाकून बघितलं.

"तुझं काळीज मोठं हो," ती म्हणाली. "सुनेला झाकायला स्वतःच्या अंगावर घेतेस."

"झाकत नाही. खरं सांगतेय."

"असू दे, असू दे. आम्हाला काय करायचंय?" दूधवालीनं मागच्या बाईकडे बघून हळूच डोळा मारला. सगळ्या हसल्या.

म्हातारीचं तोंड पडलं. ते बोलणं सोडलं तेव्हा केवढ्या वेगानं गेलं होतं, आणि आता माघारी घ्यायला गेलं तर कुणी हात लावू देईना.  मग रांगेतल्या पुढच्या बाईकडे वळून तिनं परत पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. पिठाच्या गिरणीत सांगितलं. नर्सबाई बीपी बघायला आली तेव्हा ओट्यावर चार बायकांत बसून तिच्यासमोर सांगितलं. म्हातारीचाही बीपी वाढलेला निघाला. नर्सबाईनं गोळ्या दिल्या, तर तिनं त्या उलटसुलट करून बघितल्या आणि मग सगळ्यांसमोर एक गिळली. आक्का येऊन भांडून गेली. "एवढी वर्षं झाकलं ते याच्यासाठी?" म्हातारी म्हणाली, "झाकलं नसतं तर पोर असती."

लोक वाटेत तिला बघून थांबायचे बंद झाले. पोरीबाळींना तिच्यापासून जरा लांब उभं करायला लागले. एकीनं तर भट्टीजवळून जायची वाट बदलली.

नवा हंगाम धरायच्या बेतात एक दिवस विटांचा ट्रक आला. ड्रायव्हरशेजारून आधी एक पिशवी उतरली, मग शिंपीण, कडेवर मुलगी. मोठी मुलगी मागून उतरली. घुम्या माती तुडवत होता. तो तसाच, चिखलाच्या पायांनी, अर्ध्या वाटेपर्यंत आला आणि थांबला.

शिंपीण म्हातारीसमोर येऊन उभी राहिली.

"आलं कानावर," ती म्हणाली. "आमच्याकडे म्हणतात, भट्टीवालीला झटके येतात. तिचं डोकं ठिकाणावर नाही. तिच्या घरात मुलगी देऊ नये."

"तुझं पण नाव घेतात का?" म्हातारीनं विचारलं.

"नाही. माझं आता कुणी घेत नाही."

म्हातारीनं नातीला घ्यायला हात पुढं केले. शिंपिणीनं ते हात नीट बघितले, मातीनं भेगाळलेले. मुलगी लगेच दिली नाही. म्हातारीनंही हात मागं घेतले नाहीत.

"आत चल तरी," म्हातारी म्हणाली. "पोरीला वारा लागतोय."